भाऊबीजेचा लॅपटॉप

दि. ४ डिसेंबर २०२४
वाडीवरून

प्रिय दादा,

सोमीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. वालाला फुलं आलीत. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. तू आणि वहिनी कुंभिवलीला मजेत असाल. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते पुढे येईल.

भाऊबीजेला तू ओवाळणीत साडीऐवजी लॅपटॉप घातलास आणि म्हणालास, "महिनाभर वापर, मंग सांग कसा हाय." महिना झाला. सांगते.

फुकट आलेली वस्तू मी आधी उलटी करून बघते, हे तुला ठाऊक आहे. हा तर इतका पातळ, की आत काही असेल असं वाटेना. हिरडा मोजायच्या काट्यावर ठेवला, सव्वा किलो भरला. जुना तीन किलोच्या खाली नाही. तो घेऊन डोंगर चढले की खांद्यावर पट्ट्याचे वळ उठायचे. हा पिशवीत आहे की कुठे राहिला, म्हणून मी वाटेत दोनदा हात घालून बघते. टमटममध्ये मांडीवर उघडता येतो. सकाळी चार्ज केला की तीन वाड्या फिरून परत येईपर्यंत पुरतो. उन्हात मात्र पडद्यावर माझंच तोंड दिसतं, आणि जुना पेन ड्राइव्ह लावायला जागाच नाही. तापत नाही, आवाज करत नाही. इतकं गुमान काम करणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात मी हरखून गेले होते. आपल्या वाडीच्या वनहक्क दाव्यांची अख्खी वही मी त्यात उतरवली. बारा घरं. कोण किती वर्षं कसतंय, कुठून कुठवर, खालापूरच्या कचेरीत कोणाचा कागद अडकलाय, सगळं.

पंधरा दिवसांत पोशाकाकांकडे एक माणूस आला. गाडी पायथ्याशी ठेवून वर चढून आला. काकांची जमीन किती, दावा कधीपासून अडकलाय, त्याला तोंडपाठ. "काम लवकर करून देतो" म्हणाला आणि एका कागदावर अंगठा घेऊन गेला. मी विचारलं, कागदावर काय होतं? काका म्हणाले, "मला काय वाचता येतंय गं? त्यानं तुझ्या दादाचं, नवशाचं नाव घेतलं, म्हनून दिला."

हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. दादा जमिनी घेणाऱ्या कंपनीत कामाला आहे, त्याचं नाव कोणीही घेईल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले.

मग एके दुपारी लॅपटॉप नीट तपासला. कोपऱ्यात एक खातं चालू होतं, माझं नव्हे, तुझ्या ऑफिसचं. मी लिहीन ते तिकडे जातं की काय? तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी ते मानलंही असतं. म्हणून विचारलं नाही. यादीत तेरावी ओळ घातली. चिंधी हरी पारधी, मोहाखालची दोन एकर, दावा अडकलेला. वहीत लिहिलं नाही, कोणाकडे बोलले नाही.

चौथ्या दिवशी तोच माणूस परत वर आला. पाणवठ्यावर त्याने जिजाला विचारलं, "चिंधीबाई कुठे राहतात?"

जिजा म्हणाली, "ती जाऊन नऊ वर्सं झाली. तिची कसली आलीय जमीन? जनमभर दुसऱ्याच्या शेतात लावनी केली तिनं."

खातं चुकून चालू राहिलं असेल, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग पोशाकाकांपर्यंत तुझं नाव कसं पोचलं? यादी तू न वाचताच पुढे दिली असशील, तर आपल्या बारा घरांकडे तू नजरही टाकली नाहीस. वाचून दिली असशील, तर आईचं नाव बघून तुझा हात कसा थांबला नाही? यातलं कुठलं खरं असावं असं मी म्हणू, तेच कळत नाही. राग आलाय. त्याहून वाईट वाटतंय. लॅपटॉप मला आवडला होता, आणि तू दिलास म्हणून जास्त आवडला होता.

चूक माझीही आहे. लोकांनी माझ्या भरवशावर सांगितलेलं मी तुझ्या भरवशावर उघडं टाकलं. रविवारी वाडीची सभा आहे, तिथे उभी राहून मी हे सांगणार आहे. तूही ये, काकांचा अंगठा असलेला कागद घेऊन ये. आला नाहीस तर तुझा भागही मलाच सांगावा लागेल.

वनिता कुंभिवलीला कामाला येते, तिच्या हाती लॅपटॉप परत पाठवतेय. त्यावर लिहिलं असतं तर हे पत्र तुझ्याआधी तुझ्या साहेबांनी वाचलं असतं, म्हणून हाताने लिहिलं. बारा घरं त्यातून पुसली आहेत. तेरावी ओळ तेवढी ठेवली आहे. ती तू स्वतः वाच.

चिंधीची लेक,
सोमी