एकशे साठ पोती आणि सहा खांब

टोइव्होला, मिशिगन
२२ सप्टेंबर १९८७

रेनोदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा खोकला आता उतरणीला लागला असेल, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध तू खिडकीतल्या कुंडीत ओतत नसशील, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (‘दोघं’ असं मुद्दाम लिहिलंय. पुढे वाच.)

तुझं कार्ड पोचलं. एवढ्या मोठ्या कार्डावर तू चारच शब्द लिहिलेस: "हेल्मी, एकशे साठ पोती?" ना कशी आहेस, ना खाली आशीर्वाद. बातमी कुणी पोचवली तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या विल्योची बहीण डुलूथला तुझ्याच चर्चमध्ये कॉफी ओतते, आणि कॉफीबरोबर आणखी काय काय ओतते ते सगळ्यांना माहीत आहे. तर होय, एकशे साठ. मी काही लपवत नाही. आता तू ऐकलेली गोष्ट विसर आणि घडलेली ऐक.

आर्व्होला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू येऊन गेलासच. त्यानंतर ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं (उभं ठेवून सांगण्यासारखं काही असलं की त्या बसवत नाहीत) आणि म्हणाल्या की तुमच्या घराला पाच पायऱ्या आहेत, तुमचे यजमान काही त्या चढू शकणार नाहीत, तेव्हा मार्केट शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होतेय तिचा विचार करा. मी विचारलं, अडचण पायऱ्यांचीच आहे ना? त्या म्हणाल्या, मुख्य तीच. मी म्हटलं, मग मी पायऱ्या काढून टाकते. त्यांना वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते, मी मोजमाप करत होते. जुन्या पायऱ्यांच्या जागी सहा खांबांवर एक रुंद ओटा, आणि ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत रॅम्प. त्यांनी मला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत दिली.

खांबांचं तुला सांगायला नको, तू जन्मभर पूल तपासलेस. पण आमच्यासारख्यांनी काय करायचं असतं, तर पुठ्ठ्याच्या गोल नळ्या आणायच्या, खड्ड्यात उभ्या करायच्या, आणि त्यांत काँक्रीट ओतायचं. आपल्याकडची जमीन चार फूट गोठते आणि त्याहून उथळ काही पुरलं तर मार्चमध्ये उपटून हातात देते, म्हणून नळी पाच फुटांची घेतली: चार खाली, एक वर. रुंदी बारा इंच. खड्डे विल्योनं त्याच्या ट्रॅक्टरच्या गिरमिटानं पाडून दिले. आता प्रश्न उरला तो हा, की मिसळून ठेवलेल्या काँक्रीटची ऐंशी पौंडी पोती आणायची किती. तुला फोन केला. तू म्हणालास, "सोपं आहे गं. चव्वेचाळीस, चार जास्तीची धरून."

दादा, खरं सांगते, मला ते ‘सोपं आहे गं’ खटकलं. मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन त्या सहा खड्ड्यांत एकेक करून डोकावले. चव्वेचाळीस पोती त्यांच्या घशात कुठल्या कुठे गेली असती. एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप शिजवलंय. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी खपतं, पण पातेलं रिकामं झालं आणि रांगेत अजून वीस मुलं ताटल्या घेऊन उभी असली तर त्यांच्याकडे बघवत नाही. आणि अर्धा ओतलेला खांब तर ताटली घेऊन उभ्या असलेल्या मुलाहून वाईट, कारण तो वाट बघत नाही, घट्ट होतो. म्हणून मी कागद घेतला आणि रीतसर हिशोब केला. बारा इंच म्हणजे एक फूट. एक गुणिले एक, गुणिले बावीस सप्तमांश, गुणिले पाच फूट उंची, गुणिले सहा खांब. एका पोत्यातून किती निघतं ते पोत्यावर छापलेलं असतंच, त्यानं भागलं. एकशे सत्तावन्न. मी एकशे साठ केली.

दुकानातला तो पोऱ्या (पन्नाशीचा आहे, पण तिसरीत असताना माझ्याकडे दोनदा सूप मागायचा) म्हणाला, "हेल्मीबाई, काम कोण करणार आहे?" मी म्हटलं मी. म्हणाला, "नाही, म्हणजे हिशोब कुणी केलाय?" मी म्हटलं, तोही मीच. मग त्यानं मागणी लिहून घेतली, आणि शुक्रवारी ट्रक आला.

चार मोठाले ढीग अंगणात उतरले तेव्हा विल्यो कुंपणापाशी आला. तू त्याला ओळखतोस, ऐंशी वर्षांचा आहे आणि घाई कधी केली नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "हेल्मी, धरण बांधतेयस?"

मी म्हटलं, ओटा.

"बारा इंच म्हणजे नळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ना?"

"हो."

"मग गुणलंस कितीनं?"

"बारानं."

"सहानं गुणायचं असतं. मधल्या बिंदूपासून काठापर्यंत."

"मी अर्धवट काही करत नाही, विल्यो."

पण तो हटेना. म्हणाला, निम्मं धरलंस तर एकशे साठाची चाळीस होतील. हे मला अजिबात पटलं नाही. निम्म्याची पाव कशी होईल? तेव्हा त्यानं विचारलं, "तुझ्या शाळेत बारा इंची तवा होता आणि चोवीस इंची तवा होता. लहानावर चार पळ्या पीठ लागलं तर मोठ्यावर किती लागायचं?" मी सोळा म्हणणार होते आणि तोंड उघडून तशीच उभी राहिले. दादा, हे मला एकतीस वर्षं ठाऊक होतं. फक्त ते मी काँक्रीटला लावून बघितलं नव्हतं.

आता कुणीही शहाणी बाई पोती परत पाठवते. दुकानदार घेणार होता, त्यानं फोनही केला. पण त्याच्या आवाजात तेच ‘सोपं आहे’ होतं, आणि मी म्हटलं की मला लागणार आहेत. फोन ठेवल्यावर जरा वेळ स्वयंपाकघरात बसले. मग वरून ताडपत्री आणून पोती झाकली आणि कामाला लागले.

ऐंशी पौंडांचं पोतं मला उचलत नाही, तेव्हा ते ढिगावरच फाडायचं आणि डावानं बादलीत काढून काँक्रीटच्या मिक्सरपर्यंत न्यायचं, ही पद्धत माझी. पहिली नळी मी उभी केली, पाणसळ लावली, बुडबुडा अगदी मधोमध आला, आणि मी मोठ्या दिमाखात ओतायला सुरुवात केली. नळीभोवती आधी माती भरायची असते हे मला त्यानंतर कळलं. तीन फुटांवर ती खालून फुटली आणि सगळं काँक्रीट खड्ड्यात पसरलं. मी तिथेच मातीत बसले. तू म्हणशील रडलीस. हो, रडले, पण बसून, आणि पाच मिनिटंच.  विल्योनं फावडं उचललं, आणि ते घट्ट व्हायच्या आत आम्ही दोघांनी खड्डा उपसला. त्यानंतरच्या सहाही नळ्या ओळंब्यात उभ्या राहिल्या.

आणि आता कान देऊन वाच. सहा खांबांना सत्तेचाळीस पोती लागली. तू चव्वेचाळीस सांगितली होतीस. तू तुझ्या चार जास्तीच्यांसकट तीन पोत्यांनी कमी पडलास. मी कमी पडले नाही. तुझ्या हिशोबानं गेले असते तर सहावा खांब गुडघ्यापर्यंत येऊन थांबला असता. हे कार्डावर लिहून तुझ्या चर्चमध्ये लाव.

उरलेल्यांचं म्हणशील तर सहा पोती विल्योनं विहिरीच्या काठासाठी नेली. रॅम्पच्या पायथ्याशी भक्कम फरशी घातली. आणि तिथून थेट सौनाच्या न्हाणीघरापर्यंत तीन फूट रुंद वाट केली, कारण आर्व्हो घरी आला आणि त्याला सौनाला जाता आलं नाही, तर तो घरी आला असं मी म्हणणार नाही. लाकूडकाम विल्यो आणि मी मिळून केलं. दवाखान्यातल्या बाई स्वतः बघायला आल्या, रॅम्पवर तीनदा वरखाली चालल्या आणि कागदावर सही केली.

गुरुवारी त्याला आणलं. तू बघितलंस तेव्हा तो बोलत नव्हता, अजूनही फारसा नाही. वॉकर धरून तो रॅम्पच्या पायथ्याशी थांबला, खांबांकडे बघितलं, मग त्या वाटेकडे बघितलं, थेट सौनाच्या दारापर्यंत. तोंड वाकडं करून बराच वेळ शब्द जुळवत राहिला. मला वाटलं माझं नाव घेतोय.

म्हणाला, "किती?"

मी म्हटलं, लागली तेवढी. मग तो हसू लागला, अर्ध्याच तोंडानं, पण पोट धरून, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून इतके हसलो की त्याला वर न्यायला विल्योला बोलवावं लागलं.

असो. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये.

तुझी,
हेल्मी

ता. क. – विल्योच्या बहिणीला हे पत्र दाखवू नकोस. नळी फुटल्याचं तिला अजून कळलेलं नाही.

आणखी ता. क. – पोत्यांचा हिशोब तू लावशीलच, म्हणून आधीच सांगते, चोपन्न उरली होती. पावसाचा रंग होता आणि भिजली असती तर ढिगाचा एक दगड झाला असता. त्यांचे आणखी आठ खांब झाले. सौनाच्या मागे, सरोवराच्या बाजूला, दोन रांगांत. एक खोली बसेल इतपत. लेम्पीवहिनी गेल्यापासून तू त्या तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतोस आणि किराणा घेऊन प्रत्येक जिन्यावर थांबतोस, हे मला विल्योच्या बहिणीकडून कळलं. इथे एकही पायरी असणार नाही. बर्फ पडायच्या आत छप्पर चढायला हवं, तेव्हा पुढच्या आठवड्यात ये. येताना तुझी मोजपट्टी आण. लाकूड किती लागेल ते तू काढ. मी काढणार नाही.