प्रश्न विचारून पाहिला

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची नातीच्या घरी! खाली दुकान, वर दोन खोल्या, खिडकीत मोप ऊन. नातजावई खाटीक; माणूस देवभोळा, नखं माझ्यापेक्षा स्वच्छ. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते, नात लिहिते. माझे शब्द सुधारायचे नाहीत, अशी तंबी दिलीय. तिला चौथा महिना, पण खाते चौघांचं.

बुधवार, ५
सत्तूर उचलला की जावई क्षणभर डोळे मिटतो. का, तर देवाला नको असेल तर तो हात धरील म्हणे. मी मेली चेष्टेखोर. म्हटलं, बाबा, माझी दोन लेकरं एका आठवड्यात तापानं गेली, तेव्हा तुझ्या देवाचे हात कशात अडकले होते? नात खुदकन हसली. तो जेवला नाही.

रविवार, ९
दाराशी बांधलेलं कुत्रं त्यानं तोडलं. भर दुपारी, दुकानातल्या ठोकळ्यावर. वर येऊन म्हणाला, आजी, तुमचा प्रश्न विचारून पाहिला, कुणी हात धरला नाही. आवाज असा, जणू मटणाचा भाव सांगतोय.

मंगळवार, ११
शेजारचा न्हावी. रोजच्यासारखा थट्टा करत आला होता. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. जिन्यातून पाहिलं मी. तो पडल्यावरही घाव चालूच—
शटर ओढलंय. कुलपं. ओरडलात तर लगेच वर येईन म्हणाला. आणि म्हणतो, देवानं थांबवलं नाही, म्हणजे त्याला हवंच होतं. म्हणजे चांगलंच झालं.
माझी जीभ झडली असती तर—

बुधवार, १२
आता त्याला असं कुणी हवंय, ज्याच्यासाठी देव गप्प बसूच शकणार नाही. नातीच्या पोटाकडे बघत होता.
मी म्हटलं, प्रश्न माझा, मान माझी घे. हसला. म्हणे, पिकल्या म्हातारीसाठी देव कशाला बोट हलवील? खरंय मेल्याचं.
आम्ही दोघी खिडकीचे गज उचकटतोय. उलथन्यानं.

गुरुवार, १३
दोन गज निघाले, खालीच न्हाव्याच्या दुकानाचा पत्रा. नात मावेल. मी नाही.
लिही, कुणाच्या तरी हाती लागेल. लेकरं का गेली, ते आता नाही विचारायचं मला. फक्त हिला—
जिना वाजतोय.
मी दाराला पाठ लावते. जड आहे मी, पुरेन थोडा वेळ. हे कशाला लिहितेस? टाक ती वही! पोट सांभाळ, आधी पाय बाहेर, मग—