बासचा डब्बा

आबा, दोन राती झाल्या, डोळ्याला डोळा लागला न्हाई. पोरीला ऐकू येत न्हाई असं मला वाटतंय, आन् ते अजून मी घरात कुणालाच सांगितलं न्हाई.

तुमी गेल्याला सा वर्सं झाली. बंगल्यावरच्या सायबानं जाताना तुमाला दिलेल्या त्या दोन इलायती लाकडी स्पीकरच्या पेट्या माज्याकडंच हायेत. लग्नाला भाड्यानं द्यायचा मोठा आंप्लिफायर तुमी त्यास्नी आदी लावून बघितला, तर आवाज पत्र्यावानी. मग आनखी दोन लावले. शेवटी काचेच्या व्हॉल्व्हचा जुना लावला आन् तुमी तितंच खाली बसलात. "जमला जोडा. आता ह्याला दुसरं काय जोडायचं न्हाई." मी म्हनलं, "आबा, लोकांच्या मांडवात छाती धडधडती, तुमचं नुसतं गुनगुनतंय." तर म्हनलात, "बाय, ती धडधड म्हंजी बास, त्यानं जिमीन हालती. त्यात बारीक काय ऐकू येतंय का बघ." मी तुमच्या तोंडावर हसले.

तुमच्या मागारी मीच ह्यांच्या मागं लागून बासचा डब्बा करून घेतला, त्याला वेगळा आंप्लिफायर. जागा न्हाई म्हनून पलंगाखाली सारला. पोरगी झाली. गानं लागलं की पलंगावर पडल्या पडल्या हातपाय उडवायची, खुदुखुदू हसायची. सासूबाई म्हनायच्या, "आज्यावर गेलीय, कानाची लई तिखट." नऊ महिने मला त्याचंच कवतिक.

परवा बासचा आंप्लिफायर जळला, ह्यांनी दुरुस्तीला नेला. म्हनून नुसत्या तुमच्या पेट्या लावल्या, तुमच्या व्हॉल्व्हवर. घरभर आवाज. पोरगी पलंगावर पाठमोरी बसून चमचा चोखतीय. मोठं केलं, वळली न्हाई. मागनं ताट आपटलं, हाका मारल्या. न्हाई. मग पलंगावर बुक्की मारली, तशी हादऱ्यानं लगीच वळून हसली. आबा, तुमचं ऐकलं असतं तर मला कवाच कळलं असतं.

भाऊ पुन्याजवळ उरवड्याच्या कारखान्यात हाय. सकाळी वान्याच्या दुकानातनं त्याला फोन लावला. "बोल आक्का," म्हनला, आन् मी "सगळं बरं हाय" म्हनून ठेवून दिला. तुमाला तर हे पोचायचं न्हाई. हा कागद वान्याच्या फोनाखाली ठेवतेय, भावाचा नंबर वान्याकडं हाय. ज्याला घावंल त्यानं माज्या भावाला फोन करा. पोरीला पुन्याला दवाखान्यात न्यायचीय म्हनावं. माज्या तोंडातनं निघत न्हाई.