पांढरे कप उचलेपर्यंत

गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळचे साडेदहा. शुब्रा, कैरो. इस्त्रीच्या दुकानात, एका वकिलाच्या शर्टाची कॉलर झाल्यावर आणि बाह्या सुरू करण्याआधी.

आदरणीय सब्रीमामांस,

भाचा वजदीचा मनापासून सलाम. अल्ला तुमची साखर ताब्यात ठेवो आणि मामींचा गुडघा थंडी सुरू होण्याआधी वाकू लागो. दमनहूरला सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझा मुद्दा राहून जातो.

आईने तुम्हाला काहीतरी सांगितलं असेलच. ते विसरा. झालं ते असं झालं, आणि आधीच लिहून ठेवतो की मी कोणाचीही माफी मागणार नाही.

गेल्या शुक्रवारी अहली आणि झमालेक, म्हणजे आमचे लाल आणि तुमचे पांढरे, फुटबॉलच्या सामन्यात समोरासमोर होते. (आपल्या अख्ख्या लाल घराण्यात तुम्ही एकटे पांढरे निघालात, पण तो विषय मी आज काढणार नाही.) माझे होणारे सासरे, कट्टर पांढरे हाजी बयूमी यांनी मला सामना बघायला फरगलीच्या चहाच्या दुकानात बोलावलं. ते दुकान पांढऱ्यांचं. समोर, गल्लीच्या पलीकडे, लालांचं. माझी जागा कुठली हे सांगायला नको, पण रीहामशी साखरपुडा होऊन तीन वर्षं बसलेल्या माणसाला जागा निवडता येत नाही. हाजी दर वेळी लग्न पुढे ढकलतात. आधी फ्लॅटला नळ नव्हते, मग नळ आले तर दिवाणखान्याचा सोफा नव्हता, आता सोफा आहे तर म्हणतात, 'घाई कसली?'

आमच्या गल्लीत सामन्यावर पैसे लावत नाहीत. हाजींच्या मते पैशाची पैज पाप आहे, दुसऱ्याच्या मिशीची नाही. त्यामुळे हरणारा मिशी उतरवतो, नाहीतर शेजाऱ्यांना कुनाफ्याची मिठाई खाऊ घालतो, नाहीतर महिनाभर विरोधी रंगाची टोपी घालून दुकान उघडतो. शब्द मात्र मोडत नाहीत. शब्द मोडणाऱ्याला फरगली चहा देत नाही, मग इतरही हळूहळू काही देत नाहीत.

आता नीट वाचा, कारण माझी सगळी बाजू यात आहे. फरगलीच्या टीव्हीवर चित्र इंटरनेटवरून येतं. समोरच्यांचं येतं गच्चीवरच्या डिशवरून. म्हणून फरगलीकडचं चित्र अर्धा मिनिट मागे असतं. (हे मी घड्याळ लावून तीन सामन्यांत तपासलं आहे.) समोर आरडाओरडा झाला की समजायचं, लालांचा गोल झाला, इकडे तो आता दिसेल. फरगली म्हणूनच आवाज पूर्ण वाढवून ठेवतो. मी मात्र दाराशी बसलो होतो.

शेवटची पाच मिनिटं राहिली, गोल बरोबरीत, आणि लालांना पेनल्टी मिळाली. तेवढ्यात समोरून असा जल्लोष उठला की दारातली मांजर पळाली. मी उभा राहिलो.

"हाजीसाहेब, हा गोल झाला तर पुढच्या महिन्यात लग्न! बोला!"

"आणि नाही झाला तर, जावईबापू?"

"नाही झाला तर पांढरे लीगचा कप उचलतील तेव्हा!"

हाजींनी माझा हात असा धरला की अंगठी रुतली. फरगली ओरडला, "अख्खं दुकान साक्षीला आहे रे इस्त्रीवाल्या!"

चेंडू बारवर आपटून गॅलरीत गेला.

मी अजून उभाच होतो, तर समोरच्या दुकानातला एक जण धावत आला. "काय झालं सामन्याचं? वीस मिनिटं लाईट नव्हती आमच्याकडे, आत्ता आली, डिश अजून सुरू व्हायचीय!" मामा, तो जल्लोष लाईटचा होता. फरगलीची बाजू विजेच्या दुसऱ्या लाइनवर, आणि संध्याकाळचा उजेड अजून होता, तर मला कळणार कसं?

मी तिथल्या तिथे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, पैज रद्द धरा म्हटलं. हाजी म्हणाले, "म्हणजे गोल होऊन गेला असं समजून तू मला गंडवत होतास?" मी म्हटलं, "गंडवत नव्हतो, खात्री करून घेत होतो." यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही, पण दुकान बराच वेळ हसत होतं.

रीहाम हसली नाही. म्हणाली, "माझ्या भांड्यांची खोकी तीन वर्षं पलंगाखाली आहेत. कुकरची गॅरंटी संपली, वजदी. आणि तू मला बारवर आपटलंस." मी म्हटलं, बाबांना समजाव. "मी नाही समजावणार. पैज तू लावलीस, आता पांढऱ्यांना जिंकव."

तर माझं उत्तर स्पष्ट आहे. सावध माणसाने कानाने ऐकलं ते खरं धरलं, हा गुन्हा नाही. मी पाया पडणार नाही, रंग बदलणार नाही, आणि पांढऱ्यांसाठी तोंडातून चकार शब्द काढणार नाही, मग म्हातारपणी वरात निघाली तरी चालेल. हे पत्र तुम्ही कोणालाही वाचून दाखवू शकता.

तुमचा भाचा,
वजदी

ता. क. पुढचं कोणालाही वाचून दाखवू नका. पंचवीस तारखेला पांढऱ्यांचा सामना आहे. तुम्ही आदल्या दिवशी याल का? हाजी स्टेडियममध्ये नेमके कुठे बसतात ते मी विचारून ठेवलं आहे. मी तुमच्या मागे बसेन. तुम्ही उठलात की उठेन.

ता. क. दुसरा: तुमच्या बाजूची तीन-चार गाणी स्वच्छ अक्षरात लिहून पाठवा, टाळी कुठे पडते त्यावर खूण करून. आम्हा लालांना शिव्या असलेलीही पाठवा. ती मी नुसते ओठ हलवून म्हणेन.

ता. क. तिसरा, हिशेब: पांढऱ्यांच्या बाजूची तिकिटं तीन, ४५० पौंड, दिले. पांढरा गळपट्टा एक, १२० पौंड, रीहामने भरले, तिला देणं बाकी. तिने स्वतःसाठीही एक घेतला. बापाच्या घरात ती जन्मभर गुपचूप लाल राहिली आहे. गळपट्ट्याच्या दुकानातून बाहेर पडताना तिने तो गळ्यात घातला आणि घरापर्यंत काढला नाही.