पूजेला बसलेलं पेडल

पिंप्राळा, जळगाव
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप चुडामणमामांस कुंदनचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आणि तुमचं शिरपूरचं बियाण्यांचं दुकान, दोन्ही ठीक असावीत. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय.

मामा, तुमच्या बहिणीला आवरा! तुम्ही कॉलेजात धुळ्याला हेवी मेटल वाजवायचात तेव्हाचं ते काळं जपानी पेडल (पायाने दाबलं की साधी गिटार गुरगुरायला लागते ते), गेल्या वर्षी "ने, मला काय करायचंय त्याचं" म्हणून माझ्या अंगावर टाकलंत. तसलं आता बनत नाही. मी लेकरासारखं जपलं. आणि खंडेनवमीला मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आईने ते हत्यारांच्या पूजेत मांडलं! पाटावर बाबांचा पाना, तिची शिवणाची कात्री, कामिनीचा लॅपटॉप (तिने आधीच त्याला प्लास्टिक गुंडाळलं होतं, बहीण माझ्यापेक्षा हुशार) आणि मधोमध पेडल. त्यावर हळद, कुंकू, पळीभर पाणी. एका बटणात अक्षतेचा दाणा अडकलाय, ते फिरतच नाही. मी ओरडलो तर म्हणते, "हत्यार शे ना तुन्हं? मंग?" कपाळ माझं!

बरं, काल दसरा. सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली. मी हात पुढे केला तर फाटकन चापट. (वय वर्षं सव्वीस.) आता म्हणे, "ज्यानं हत्यार, त्यानीच उचलानं." (म्हणजे ज्याचं त्यानेच उचलायचं.) म्हटलं, मामांनी मला दिलंय. तर म्हणे, रागाने दिलेलं दिलं धरत नाहीत. एका दिवसात माझं हत्यार तुमचं झालं! कोजागरीला धुळ्यात आमच्या बँडचा पहिला तिकीट लावलेला कार्यक्रम आहे. पेडलशिवाय तालीम केली, तर आमचा ड्रमवाला भूपेंद्र म्हणाला, शाळेतलं स्वागतगीत वाटतंय. दोन वर्षं बोटं सोलून घेतलीत मी या दिवसासाठी, मामा. रडू यायचंच बाकी आहे.

तरी कृपा करून आईला फोनवर चार शब्द सुनावा. (तुम्ही काय सुनावणार म्हणा! अक्कापुढे तुमची मान वर होत नाही.)

तुमचा वैतागलेला भाचा,
कुंदन

ता. क. : फोन नको. आई म्हणते, उचलायला माणूस यावा लागतो. उद्याचीच बस धरा. येताना नऊ व्होल्टची बॅटरी आणा.

ता. क. २ : पत्र आईने वाचलं. वाच म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, आमच्या वडिलांनी दुकानावर बसवलं तेव्हापासून माझ्या भावाने गिटारला हात लावला नाही, पूजा मी उगीच केली का? म्हणजे हे सगळं ठरवून! आणि मी दोन दिवस अन्नावर राग काढतोय.

ता. क. ३ : आज दुपारी आई भाजी आणायला गेली होती. घरात मी एकटा, पेडल समोर. उचललं नाही. धुळ्यात दुसऱ्या गिटारची जागा रिकामी आहे, मामा. या.