समोरच्या दुकानाचा धाक

शेंदूरजनाघाट,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. रागिणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मले निम्मं आईकू येत नाही, म्हणून पत्र. अक्षर वाकडं आहे, पण शाळा दुसरीतच सुटली, आता काय करता.

परवा आमी अमरावतीले गाडी पाहाले गेलो. बारा वर्षांमागं तुझे आबाजी त्याच शोरूममधी गेले होते. तवा तेवढं एकच होतं. अर्धा दिवस उभं ठेवलं आन् नंबर लावा म्हणे. या वेळी फरशी एवढी चकचकीत, की आमी दोघांनी चपला दारातच काढल्या. कोणाच्या घरात आपण चपला घालून जातो का? तर आतली पोरं अनवाणी पाय पाहून तोंड लपवून हसून राहिली. मी तशीच अनवाणी निघाली आन् रस्ता ओलांडून समोरच्या नव्या शोरूममधी गेली. काय सांगू बाई! इकडचे दोघं खुर्ची घेऊन धावले, आन् तिकडचा मॅनेजर आमच्या चपला हातात घेऊन मागून पळत आला. गिऱ्हाईक समोर गेलं ना! चपला धरूनच माफी मागून राहिला. मले एवढं हसू आलं की आबाजीनं कोपर मारलं. दोन्हीकडचा चहा प्याली, गाडी घेतली नाही.

तू अकोल्यात गाड्याच विकते, तुमच्याकडं असंच चालते का? पार्वताबाईची म्हैस व्याली. जेवत जा वेळेवर.

माया पाठवली आहे, पोचली का ते कळव.
तुझी आजी रुख्मिणी


अकोला,
ता. ११ जानेवारी २०२५

ती. आजीस रागिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. आमच्याकडेही असंच चालतं. जुन्या शहरातले इनायतुल्लाभाई कापूस पिंजून गाद्या भरतात. ते आणि त्यांच्या पत्नी नसीमबानो गाडी पाहायला आले. त्यांच्या दाढीत, यांच्या ओढणीवर कापूस. कोणी पुढे होईना, म्हणून मी त्यांना मोर्णेच्या पुलापर्यंत गाडीतून फिरवून आणलं. परतल्यावर आमचे मॅनेजर देवानंद सर त्यांच्यादेखत सीट झटकू लागले आणि गाडी घेणाऱ्यालाच दाखवायची असते, असं मला म्हणाले. दोघं मान खाली घालून निघून गेले.

सरांनी मला कागद दिला आहे. वेळ वाया घालवल्याबद्दल माफी. महिनाअखेरपर्यंत सही केली नाही, तर नोकरी गेली. बाबा म्हणतात, करून टाक. आजी, ही नोकरी मी कोणाच्या ओळखीशिवाय मिळवली आहे. ती जाईल याची भीती आहे, पण सहीला हात उठत नाही. काय करू?

आबाजींना नमस्कार. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
रागिणी


शेंदूरजनाघाट,
ता. १६ जानेवारी २०२५

चि. रागिणीस आशीर्वाद.

सही करायची नाही. हे पयलेच लिहून टाकते, पुढं मी भलतीकडं जाईन.

तुझ्या बापाले सांग, त्याची माय गप बस म्हणते. तो लहानपणापासून असाच. दुसऱ्याच्या चुकीसाठी उठाबशा काढून मोकळा. संक्रांतीले तिळाचे लाडू केले, पाक चुकला, दगड झाले. आबाजीचा दात हालला. चार लाडू तुझ्या देवानंदसाठी ठेवले आहे.

आता नीट वाच. गाडीच्या दुकानात माणसाले गाडी दाखवली, तर माफी काहून मागायची? कापूस झटकून जाते, केलेली सही झटकून जात नाही. नोकरी गेली तर इकडं आपल्या संत्र्याच्या बागेत ये. नाही, बागेत नको येऊ. तुले गाडी विकता येते, गाडीच वीक. आन् एक सांग, तुमच्या समोर दुसऱ्या कंपनीचं शोरूम आहे का नाही?

घाबरली तरी चालते, वाकू नको. मी आहे.
आजी


अकोला,
ता. २४ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

आहे गं, महिन्याभरापूर्वीच उघडलं, अगदी समोर. मी कागद सही न करता परत दिला. त्याच आठवड्यात इनायतुल्लाभाईंनी समोरून गाडी घेतली, ती आमच्या दारात आणून उभी केली, आणि नसीमबानोंनी सगळ्यांदेखत माझ्या हातावर पेढे ठेवले. सरांकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी समोरच्यांनी मला नोकरीला बोलावलं. हे कळल्याबरोबर सरांनी माफीचा कागद फाडला, मला खुर्ची दिली, ताई म्हणाले! मग मी माझा कागद पुढे केला. कपडे, चपला पाहून कोणाला टाळणार नाही, असा. त्यावर सही त्यांची घेतली, आणि इथेच राहिले.

पण आजी, हा मान खरा नाही. समोरच्याच्या धाकानं आलेला आहे. उद्या समोरचं बंद पडलं तर?

असाच जीव लाव.
रागिणी


शेंदूरजनाघाट,
ता. २९ जानेवारी २०२५

चि. रागिणी, माझी वाघीण,

धाकानं आला तर धाकानं येऊ दे. देवानंदचं मन तपासाले तुले कोणी सांगितलं? त्यानं उठावं, दार उघडावं, या बसा म्हणावं. एवढंच लागते. मन त्यानं त्याच्या घरी ठेवावं. आन् समोरचं बंद पडलं तर तू आहेस ना? तिथंच राय. धाक तुझा वाटला पायजे.

सोमवारी आमी बडनेऱ्याहून रेल्वेनं येऊन राहिलो. गाडी तुझ्याकडूनच घ्यायची, असं आबाजीचं म्हणणं. माझं अजून ठरलं नाही. ही माझी आजी, असं कोणाले सांगू नको. मी मुकाट्यानं उभी राहीन आन् पाहीन, तू किती वेळानं पाणी आणते. उशीर केला, तर नात म्हणून सूट नाही.

माया आहेच, पण सोमवारी गिऱ्हाईक म्हणून येणारी,
तुझी आजी