रेवाच्या फॉर्मवरची सही

४ नोव्हें., मंगळ.
रेवा ग्राउंडवर पडली. चारशे मीटरचं शेवटचं वळण. धक्का नाही, पाय अडकला नाही. कोच सर म्हणाले, "लडकियाँ खाती नहीं, ताई." दोन पोळ्या माझ्यासमोर खाऊन गेली होती. रविवारी स्टेट ट्रायल.

५ नोव्हें.
हाफ डे. सुपेल्यात दोन डॉक्टर झाले. एकानं गुडघा पाहिला(!), दुसऱ्यानं टॉनिक दिलं. "बच्ची फिट है." रेवाचे बाबा म्हणतात, तू उगाच टेन्शन घेऊन राहिली.
माझा दादा व्हॉलीबॉल खेळता खेळता गेला. वयाचं एकतिसावं वर्ष. रेवाले आम्ही अॅक्सिडेंट सांगितलाय.

६ नोव्हें.
पावर हाउस चौकातल्या केमिस्टनं पत्ता दिला. कुम्हारीला एक डॉक्टरबाई, खेळाडूंनाच पाहतात. बसनं गेलो.
बाईंनी पाऊण तास विचारलं. पडण्याआधी छाती धडधडली? रेवा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हो. पहिल्यांदा नाही." मले कधी बोलली नाही.
"घर में कम उम्र में कोई अचानक गया है?"
रेवाच बोलली, "नहीं. मामा थे, पर उनका एक्सिडेंट हुआ था."
मी म्हटलं, नाही. मैदानात गेला.
ईसीजी तिथंच काढला. बाई बराच वेळ कागद पाहून राहिल्या होत्या. सोमवारी इको, हार्टवाल्या डॉक्टरकडे. "शायद कुछ न निकले. पर तब तक एक राउंड भी नहीं."
परत येताना रेवा दुसऱ्या सीटवर बसली.

७ नोव्हें.
"आई, खोटं कावून सांगितलं?"
तू घाबरशील म्हणून.
"मीपण म्हणूनच नाही सांगितलं."


८ नोव्हें., शनि.
सर घरी आले. ट्रायलच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. "एक मिनट की दौड़ है ताई, तीन साल की मेहनत." रेवा माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहत होती. त्यांनी पेन काढला. मी त्यांना एवढंच म्हटलं, दादाले मैदानातून तुम्हीच उचलून आणलं होतं.
पेन खिशात गेला. सर चहा न घेता गेले. रेवानं आपल्या खोलीचं दार लावलं.

९ नोव्हें.
पोहे दाराशी ठेवले, तसेच गार झाले. साडेदहाला, चारशेची पहिली फेरी संपायच्या वेळी, बाहेर आली. "हो गई होगी मेरी हीट." पाणी पिऊन परत आत.
उद्या अकराला इको. काहीच नाही निघालं तर ही पोरगी मले माफ नाही करणार.
तरी काहीच न निघो.